वाचकांचे प्रश्न : हत्तीरोग दिसतो कुठे, पसरतो कुठून

हत्तीरोग दुरीकरण मोहिमेविषयी गेल्या अंकात एक छोटी सूचना छापली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि प्रश्नकर्त्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षिका आहे. मोहीम आली की आशाताई घरी येतात आणि हत्तीरोगाच्या गोळ्या त्यांच्यासमोरच गिळायला लावतात. आमच्या घरात कुणाचाही पाय सुजलेला नाही. गावात ज्या दोघांना हा आजार आहे त्यांच्यावर उपचार करायचे सोडून धडधाकट माणसांच्या मागे लागण्यात काय अर्थ आहे? शिवाय मागच्या वेळी गोळ्या घेतल्यावर माझ्या दिरांना रात्रभर ताप होता.

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि मोहिमेत गोळ्या नाकारणाऱ्या बहुतेकांच्या मनात हीच शंका असते. तिचे उत्तर या रोगाच्या एका विचित्र स्वभावात आहे. ज्यांचा पाय सुजलेला दिसतो त्यांच्याकडून तो सहसा पसरत नाही. ज्यांच्याकडून तो पसरतो त्यांच्या अंगावर बहुधा काहीच दिसत नाही.

रोगाचे कारण म्हणजे दोऱ्यासारखे बारीक कृमी. पूर्ण वाढलेली मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते, नर तिच्या निम्म्याहूनही आखूड असतो, आणि ही जोडी माणसाच्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातील जादा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांत, सहा ते आठ वर्षे जगते. या काळात मादी लक्षावधी सूक्ष्म पिल्ले जन्माला घालते आणि ती रक्तात उतरतात. ज्याच्या रक्तात ती फिरत असतात तो माणूस शेतात राबतो, लग्नकार्यात जेवतो आणि स्वतःला ठणठणीत समजतो. डास त्याला चावतो आणि रोग पुढे जातो. सूज येते ती पुढे, वाहिन्या निकामी झाल्यावर, कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी. तोपर्यंत पुष्कळदा कृमी मेलेले असतात आणि रक्तात पिल्ले सापडत नाहीत. गावातील त्या दोघांना मदतीची गरज आहे, याबद्दल वाद नाही. पण केवळ त्यांना गोळ्या देऊन गावातील प्रसार थांबणार नाही.

लक्षण नसलेला वाहक नेमका कोण, हे हुडकायचे तर प्रत्येकाचे रक्त तपासावे लागेल. त्यापेक्षा सर्वांना औषध देणे स्वस्त आणि सुरक्षित ठरते, म्हणून जगभर हाच मार्ग पत्करला गेला. डीईसी आणि अल्बेंडॅझोल या दोन गोळ्यांनी रक्तातील पिल्ले मरतात, पण बरेचसे प्रौढ कृमी तगून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा पिल्ले दिसू लागतात. त्यामुळे दोन औषधांच्या मोहिमेत वर्षातून एकदा याप्रमाणे किमान पाच वर्षे आणि एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी गोळ्या प्रत्यक्षात गिळाव्या लागतात. ‘प्रत्यक्षात’ या शब्दावर भर देण्याचे कारण असे की वाटलेल्या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात आणि कागदावर मात्र टक्केवारी शंभराकडे सरकते. आशाताई समोर उभ्या राहतात त्या एवढ्यासाठीच.

अलीकडे आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध जोडले गेले. पापुआ न्यू गिनीतील एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात तिन्ही औषधांची एकच मात्रा घेतलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांच्या रक्तात तीन वर्षांनंतरही पिल्ले आढळली नाहीत. भारतात तीन औषधांची ही पद्धत ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत आपला नागपूर जिल्हा होता.

आता दिरांच्या तापाविषयी. रक्तात पिल्ले असलेल्या माणसाने औषध घेतले की ती एकदम मरतात आणि मेलेल्या कृमींविरुद्ध शरीर प्रतिक्रिया देते. त्यातून ताप, डोकेदुखी, अंगदुखी किंवा मळमळ होते आणि बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. ज्याच्या रक्तात काहीच नाही त्याला असा त्रास सहसा होत नाही. तेव्हा ताप आला म्हणून पुढच्या वर्षी गोळ्या टाळणे म्हणजे ज्याला औषधाची खरी गरज असण्याचा संभव अधिक, त्यानेच ते सोडणे. मात्र गर्भवती स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी व्यक्तींना या गोळ्या देत नाहीत, आयव्हरमेक्टिनची मात्रा उंची मोजून ठरवतात, आणि उपाशीपोटी कुणीच गोळ्या घेऊ नयेत. त्रास दोन दिवसांहून अधिक टिकला किंवा वाढला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

प्रश्न : मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. हत्तीरोगासाठी रक्त रात्रीच का घेतात, आणि डासांमुळे हा रोग होतो हे मुळात कुणी सिद्ध केले? पाठ्यपुस्तकात याला दोनच ओळी मिळाल्या आहेत.

उत्तर : दोन ओळी हा अन्यायच आहे, कारण डास माणसाच्या रोगाचा परजीवी वाहून नेतो हा शोध हिवतापात नव्हे, हत्तीरोगात प्रथम लागला.

त्याचे धागे निरनिराळ्या खंडांतून आले. ब्राझीलमधील बाहिया येथे ओटो वुखेरर यांनी १८६६ साली रुग्णाच्या दुधाळ लघवीत सूक्ष्म कृमी पाहिले. कोलकात्यात टिमथी लुईस यांना १८७२ साली ते माणसाच्या रक्तात सापडले. आणि १८७६ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे जोसेफ बॅन्क्रॉफ्ट यांच्या हाती प्रौढ कृमी लागला. या कृमीचे शास्त्रीय नाव ‘वुखेरेरिया बॅन्क्रॉफ्टी’ असे आहे ते यामुळेच. पण रक्तातील पिल्लू दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचते कसे, हा प्रश्न उरलाच होता.

तो सोडवायला घेतला पॅट्रिक मॅन्सन यांनी. ते चीनमधील अमॉय बंदरात जकात खात्याचे डॉक्टर होते. हाताशी ना प्रयोगशाळा, ना ग्रंथालय. त्यांचा हिन-लो नावाचा माळी स्वतः हत्तीरोगाच्या कृमींचा वाहक होता. १८७७ साली मॅन्सन यांनी त्याला डास सोडलेल्या खोलीत झोपवले, सकाळी त्याचे रक्त पिऊन टम्म झालेले डास गोळा केले आणि पुढे रोज काही डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पिल्ले डासाच्या जठरातून छातीच्या स्नायूंत शिरतात आणि तेथे वाढतात, हे त्यांना दिसले. आज असा प्रयोग कोणतीही नीतिमत्ता समिती मंजूर करणार नाही, आणि त्या माळ्याला आपण कशात सहभागी आहोत हे कितपत सांगितले गेले होते, असा प्रश्न मनात येतोच.

रात्रीच्या रक्ताचा मुद्दाही मॅन्सन यांचाच. दिवसरात्र ठरावीक अंतराने रक्त तपासल्यावर असे दिसले की पिल्ले संध्याकाळनंतर वरच्या रक्तवाहिन्यांत येऊ लागतात, मध्यरात्रीच्या आसपास त्यांची संख्या सर्वांत जास्त असते आणि सकाळी ती जवळजवळ नाहीशी होतात. आपल्याकडे हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो, हे ध्यानात घेतले की या वेळापत्रकाचा कृमीला होणारा फायदा कळतो. लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी यांनी १८८१ साली एका रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागते ठेवले, तेव्हा काही दिवसांत हे वेळापत्रकही उलटे झाले. म्हणजे कृमी सूर्य पाहून नव्हे, माणसाच्या झोपेचा ताल धरून हलतात. दिवसा पिल्ले जातात कुठे, याचे उत्तर १८९७ साली मिळाले. मॅन्सन यांच्या एका वाहक रुग्णाचा सकाळच्या वेळी मृत्यू झाला, आणि शवविच्छेदनात पिल्ले फुप्फुसांतील वाहिन्यांत दाटलेली आढळली.

मात्र शेवटच्या दुव्याबाबत मॅन्सन स्वतः बरीच वर्षे चुकत राहिले. डास आयुष्यात एकदाच रक्त पितो आणि अंडी घालून पाण्यात मरतो, असा त्यांचा समज होता. त्यामुळे ते पाणी प्यायल्याने माणसाला लागण होते, असे त्यांनी मानले. १९०० साली जॉर्ज कार्माइकल लो यांनी ब्रिस्बेनहून जोसेफ यांचे पुत्र थॉमस बॅन्क्रॉफ्ट यांनी पाठवलेल्या डासांचे पातळ छेद घेतले आणि वाढ झालेल्या अळ्या थेट डासाच्या सोंडेत दाखवल्या. दरम्यान मॅन्सन यांच्याच प्रोत्साहनाने रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी शोधले होते. नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले, आणि पाठ्यपुस्तकातील पानेही हिवतापालाच मिळाली.

गडचिरोली-चंद्रपूर भागात रात्री आठनंतर काचपट्ट्या घेऊन दारोदार फिरणारी पथके याच निरीक्षणाच्या आधारे काम करतात. बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा जाड थेंब पसरायचा, वाळवायचा आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, एवढीच ती चाचणी. झोपेतून उठून बोट पुढे करायला लोक नाखूश असतात आणि त्यासाठी त्यांना बोल लावता येत नाही. आता कृमीचा प्रतिजन, म्हणजे त्याच्या अंगातून रक्तात उतरणारा पदार्थ, ओळखणारी पट्टी उपलब्ध झाली आहे आणि ती दिवसाही चालते. अशा प्रतिजन-चाचण्यांवर आपल्याकडे वर्ध्याजवळ सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत अनेक वर्षे संशोधन झाले, ही गोष्ट विदर्भाबाहेर फारशी माहीत नसते. पट्टीने प्रौढ कृमींचा पुरावा मिळतो, रात्रीच्या थेंबाने रक्तातील पिल्ले दिसतात. त्यामुळे एक आली म्हणून दुसरी बाद झाली, असे झालेले नाही.

प्रश्न : मी कामानिमित्त दोन दिवस भंडाऱ्याला राहिलो आणि डासांनी फोडून काढले. मला हत्तीरोग होईल का?

उत्तर : शक्यता नगण्य आहे. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात संख्येने वाढतो, त्यामुळे एक चावाही पुरतो. हत्तीरोगाचा कृमी डासात वाढतो पण त्याची संख्या वाढत नाही. डासाने जितकी पिल्ले उचलली, त्यांतील काहीच दहा-बारा दिवस टिकून तयार होतात, आणि तोपर्यंत डासही जिवंत राहावा लागतो. तयार झालेली अळी रक्तात टोचली जात नाही. ती सोंडेतून त्वचेवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून तिला स्वतःच आत शिरावे लागते. आत गेल्यावरही नर आणि मादी दोघेही जगले आणि एकमेकांना भेटले, तरच पुढची पिढी. रंगून शहरातील अभ्यासावरून १९६८ साली असा हिशेब मांडला गेला होता की एका माणसाच्या रक्तात पिल्ले दिसू लागण्यासाठी तयार अळ्या असलेल्या डासांचे सरासरी १५,५०० चावे लागतात. हा आकडा सगळीकडे तसाच लागू होणार नाही, पण महिनोन्महिने, वर्षानुवर्षे त्याच वस्तीत राहणाऱ्यांनाच हा रोग का गाठतो, हे त्यावरून समजते.

याच कारणाने हा रोग हटवता येण्यासारखा आहे. प्रसाराची साखळी कच्ची आहे आणि या कृमीला माणसाशिवाय दुसऱ्या प्राण्याचा आसरा नाही. चीनने औषध मिसळलेले मीठ खाऊ घालून तो हटवला. श्रीलंका आणि मालदीव यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली रोग हटवल्याची मान्यता दिली, थायलंडला २०१७ साली आणि बांगलादेशाला २०२३ साली. भारताने २०२७ सालचे लक्ष्य ठेवले आहे. आपला राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला होता, याची आठवण ठेवूनच या लक्ष्याकडे पाहावे.

प्रश्न : माझ्या पुतणीसाठी चांगले स्थळ आले आहे, पण मुलाच्या आईला हत्तीपाय आहे. पुढच्या पिढीला धोका आहे का?

उत्तर : नाही. हा रोग वंशपरंपरेने येत नाही, स्पर्शाने लागत नाही, एका ताटात जेवल्याने किंवा एका घरात राहिल्याने होत नाही. त्या आईच्या पायावरून सोयरीक मोडू नये.

प्रश्न : सोलापूरहून लिहीत आहे. आईचा डावा पाय वीस वर्षांपासून सुजलेला आहे. वर्षातून तीन-चार वेळा पाय लालबुंद होतो, थंडी वाजून ताप येतो आणि ती आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळते. मोहिमेच्या गोळ्यांनी सूज उतरेल का? कुणी पाला बांधायला सांगते, कुणी पाय चोळायला.

उत्तर : मोहिमेच्या गोळ्यांनी इतकी जुनी सूज उतरण्याची आशा ठेवू नये. मात्र थंडी-तापाचे झटके बऱ्याच अंशी थांबवता येतात आणि ते थांबले की पाय आणखी वाढणेही मंदावते. हे झटके कृमींमुळे येतात असे डॉक्टरही पूर्वी समजत. ब्राझीलमधील रेसिफे येथे जेरूसा ड्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे पाय वर्षानुवर्षे बारकाईने पाहून दाखवून दिले की बहुतेक झटक्यांचे कारण साधे जिवाणू असतात आणि ते त्वचेतील भेगांतून, विशेषतः बोटांच्या बेचक्यांतून आत शिरतात. लसिकेचा निचरा थांबलेल्या पायाला त्यांच्याशी लढता येत नाही.

त्यामुळे उपाय कमालीचा साधा आहे आणि तो रोज करावा लागतो. आईचा पाय दररोज साध्या साबणाने आणि साध्या पाण्याने धुवा. गरम पाणी नको, ब्रश किंवा घासणी नको. घड्यांच्या आत आणि प्रत्येक बेचक्यात साबण पोहोचला पाहिजे. धुण्यापेक्षा कोरडे करणे महत्त्वाचे: मऊ फडक्याचा कोपरा बोटांमध्ये घालून ओल टिपून घ्या, चोळू नका. बेचक्यात पांढरट, भिजल्यासारखी कातडी दिसली तर ती बुरशी आहे. तिच्यावर आरोग्य केंद्रातून मिळणारे मलम लावा. बसताना आणि झोपताना पाय उंच ठेवा, घोटा दिवसातून काही वेळा वर-खाली आणि गोल फिरवायला सांगा, आणि घरातही सैल, मऊ चप्पल वापरू द्या. शासकीय आरोग्य केंद्रांतून रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच दिला जातो. तो मागून घ्या.

झटका आला तर थंड पाण्याची पट्टी, विश्रांती आणि त्याच दिवशी डॉक्टर, कारण अनेकदा प्रतिजैविके लागतात. त्या काळात व्यायाम बंद ठेवावा. पाला बांधणे, डागणे, फोड कापणे आणि चोळणे यांपैकी काहीही करू नका. त्याने जिवाणूंना नवी वाट मिळते. जाता जाता पुरुष वाचकांसाठी एक गोष्ट: या रोगाने जगात पायाच्या सुजेपेक्षा अंडवृद्धीचे रुग्ण अधिक केले आहेत. लाजेमुळे ते वर्षानुवर्षे धोतरात झाकले जातात, वास्तविक साध्या शस्त्रक्रियेने त्यातून सुटका होते.

प्रश्न : करोनाची लस वर्षभरात आली. मग दीडशे वर्षे माहीत असलेल्या या रोगावर लस का नाही? (दुबई येथील वाचक)

उत्तर : एक कारण शास्त्रीय आहे. विषाणूच्या तुलनेत कृमी हा अत्यंत गुंतागुंतीचा जीव आहे, आणि माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे राहता यावे म्हणून त्याने आपल्या प्रतिकारशक्तीला शांत ठेवण्याच्या नाना युक्त्या मिळवल्या आहेत. माणसाच्या कोणत्याही कृमीरोगावर आजवर सर्रास वापरात आलेली लस नाही. शिवाय प्रयोगशाळेत वुखेरेरिया नीट वाढवता येत नाही आणि उंदरांत तो टिकत नाही.

दुसरे कारण पैशाचे आहे आणि माझ्या मते ते अधिक वजनदार आहे. हत्तीरोगाने माणूस सहसा मरत नाही. त्याची मजुरी बुडते, लग्न अडते, तो चारचौघांत यायचे टाळतो. मृत्यूंच्या तक्त्यात त्याची नोंद होत नाही आणि रुग्णांपाशी औषध विकत घ्यायला पैसे नसतात. मोहिमेत मिळणाऱ्या तीन गोळ्यांचा इतिहासच पाहा. डीईसी १९४७ सालची आहे. अल्बेंडॅझोल आणि आयव्हरमेक्टिन ही दोन्ही औषधे आधी गुरामेंढरांसाठी बाजारात आली. आयव्हरमेक्टिनचा उगम जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी गोळा केलेल्या मातीतील एका जिवाणूत आहे. विल्यम कॅम्पबेल यांनी अमेरिकेत त्यावर काम केले आणि दोघांना २०१५ साली नोबेल मिळाले. जनावरांच्या औषधाला मोठे गिऱ्हाईक होते म्हणून ते तयार झाले आणि माणसांच्या वाट्याला नंतर आले. १९८७ पासून मर्क कंपनी ते आफ्रिकेतील नदीअंधत्वासाठी (हाही कृमींमुळेच होणारा, दृष्टी घालवणारा रोग) मोफत देते आणि पुढे हत्तीरोगासाठीही देऊ लागली, ही चांगली गोष्ट. पण गरिबांच्या रोगावरील संशोधन देणगीवर आणि योगायोगावर चालावे, ही चांगली गोष्ट नाही.

प्रश्न : आमच्या गावात दर आठवड्याला कोरडा दिवस पाळतात, भांडी उलटी करून ठेवतात. तरी डास कमी होत नाहीत. काय चुकते?

उत्तर : चुकत काही नाही; कोरडा दिवस डेंग्यूच्या डासासाठी आहे आणि तो डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाणी शोधतो. तुंबलेली गटारे, मोरीमागची डबकी, शौचालयाचा खड्डा आणि सेप्टिक टँक ही त्याची घरे. सांडपाण्यासाठी प्रत्येक घरामागे शोषखड्डा घ्या, सेप्टिक टँकच्या झाकणाच्या फटी बुजवा आणि गॅस जाण्याच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. गावभर जाळ्या लावायला एक रविवार पुरतो. न हटणाऱ्या डबक्यात गप्पी मासे सोडता येतात, पण फार घट्ट मैल्यात तेही जगत नाहीत. अशा ठिकाणी झांझिबारमधील मकुंडुची गावाने निराळा उपाय वापरला होता. तेथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस पाणी असलेल्या शौचखड्ड्यांत थर्मोकोलचे बारीक मणी ओतले गेले. मण्यांचा थर पाण्यावर तरंगत राहतो, डासाला अंडी घालता येत नाहीत आणि अळ्यांना वर येऊन श्वास घेता येत नाही. वर्षानुवर्षे तो थर टिकला. जोडीला गावकऱ्यांना डीईसीही दिली होती, आणि नुसते औषध दिलेल्या भागापेक्षा तेथे रोग परतण्याचे प्रमाण कमी राहिले. मात्र हे मणी वाहत्या गटारात टाकू नयेत, कारण पहिल्या पावसात ते ओढ्यात जातील. बंद खड्ड्यासाठीच ते योग्य आहेत. वापरण्यापूर्वी तालुक्याच्या हिवताप कार्यालयाशी बोलून घ्या.